गाडीतलं प्लास्टिक

“आतलं सगळं प्लास्टिक काढायचं,” मी म्हणालो. “तिथं लाकूड बसवायचं. खरं लाकूड.”

मकबूलचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गाडीच्या उघड्या दारातून आत डोकं घातलं. स्टिअरिंगपुढचा करडा डॅशबोर्ड, दारांची आतली बाजू, गिअरभोवतीचा भाग, सगळीकडून त्यांनी हात फिरवला. सतारीचा भोपळा निवडताना ठोकून बघतात तसं दोन-तीन ठिकाणी बोटानं ठोकून बघितलं. मग कंबर धरत बाहेर आले.

“गाडी कधी घेतली?”

“सहा महिने झाले.”

“म्हणजे कोरीच की. आणि मोडायला निघालात?”

“हो.”

“साहेब, आम्ही सतारी करतो. तंबोरे करतो. आजोबांपासून या गल्लीत कुणी गाडी केलेली नाही. एखादा सुतार बघा की.”

“दोघांना विचारून झालं. एकजण प्लायवूड चिकटवून देतो म्हणाला, त्याच्या डिंकालाच इतका वास होता. दुसरा गाड्या सजवणारा. त्यानं लाकडाच्या रंगाचा कागद दाखवला. तोपण प्लास्टिकचाच.”

“मग काय वाईट आहे? शोभेला तेवढं बास होतंय.”

“शोभेला नको आहे मला.”

“मग कशाला पाहिजे?”

मिरजेतल्या त्या अरुंद गल्लीत माझी गाडी निम्मा रस्ता अडवून उभी होती, मागून एक हातगाडीवाला ओरडत होता, आणि चाचा मान हलवत दुकानाच्या पायरीकडे वळले होते. मला त्यांना थांबवायचं होतं. कसं ते सुचेना. मी टूलबॉक्समधला स्क्रू ड्रायव्हर घेतला, आत सीटवर बसलो, तो डाव्या बाजूच्या कप्प्याच्या झाकणाच्या फटीत घातला आणि जोर लावला. झाकण काडकन तुटलं. मग त्याच्या वरची पट्टी. मग एसीची जाळी. प्लास्टिकचे तुकडे माझ्या मांडीवर पडत होते आणि मी थांबत नव्हतो.

चाचांनी येऊन माझं मनगट धरलं. म्हातारा असला तरी पकड लोखंडासारखी होती.

“बस. हात कापला तुमचा. आत या. चहा घ्या आणि सांगा.”

मी सांगितलं.

तेव्हा मी जत तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी आणि महानंदा, दोघंच. दिवाळीनंतर तिच्या छातीत गाठ निघाली. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी केमोचे सहा डोस सांगितले, दर तीन आठवड्यांनी एक. जत ते मिरज येण्याजाण्याला एसटी नको, गर्दीत तिला काही लागण व्हायला नको, तेव्हा गाडी दिवाळीआधीच घेतली होती हे बरंच झालं असं वाटलं. पहिला डोस झाला, दुसरा झाला. उलट्या घरी आल्यावर व्हायच्या. दुसऱ्या डोसानंतर परत येताना गाडीतच सुरू झाल्या. तिसऱ्याला जाताना, अजून घराच्या अंगणातून गाडी निघालीही नव्हती, मी दार उघडलं आणि ती तिथंच वाकली.

“वास येतोय,” ती म्हणाली. “प्लास्टिकचा.”

एवढंच म्हणाली. तो डोस कसाबसा झाला. पण मला धरायला काहीतरी सापडलं. मी गाडी साबणानं धुतली. दोन दिवस उन्हात चारी दारं उघडून ठेवली. कापूर ठेवला, कॉफीची पूड ठेवली, कडुलिंबाचा पाला सीटखाली घातला. भाड्याची जीप बोलावून बघितली. तिला त्या जीपच्या दाराशीही उलटी झाली. चौथ्या डोसाच्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली, गाडीपाशी आली आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून उभी राहिली.

“मी नाही बसत.”

“नंदा, उशीर होतोय.”

“मी नाही बसत यात.”

मी तिचा दंड धरला आणि ओढलं. जनावर ट्रकमध्ये चढवताना धरतात तसं. ती अडतीस किलोची राहिली होती. तिची मोठी बहीण शांताक्का मदतीला येऊन राहिली होती, ती पायरीवरून ओरडली, “श्रीशैल, सोड तिला!” मी सोडलं. नंदाच्या दंडावर माझी चार बोटं उमटली होती. त्या आठवड्याचा डोस चुकला. डॉक्टर फोनवर म्हणाले, “फार तर आठ-दहा दिवस. मध्येच सोडलं तर आधीच्या तीनचाही उपयोग राहणार नाही, हे नीट समजून घ्या.”

चाचांनी सगळं ऐकलं. चहा दोघांचाही गार झाला होता.

“लाकडालापण वास असतो, साहेब,” ते म्हणाले. “प्रत्येक लाकडाला आपला. बाईंना कोणता सोसतोय ते बघायला नको?”

त्यांनी माळ्यावरून चार तुकडे काढले. साग, तून, शिवण आणि फणस. रंध्यानं दोन दोन हात मारून ताजे केले आणि वर्तमानपत्रात वेगवेगळे बांधून दिले. “आजच विचारून घ्या. उद्या सकाळी गाडी घेऊन या. पॉलिश करायचं नाही, स्पिरिटचा वास राहतो. नुसतं घासून गुळगुळीत करू, वर थोडं मेण. बाकी खुदा मालिक.”

त्या दिवशी दुपारी मी नंदाच्या पलंगावर चारी तुकडे मांडले. ती भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर शांताक्काच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. मी एकेका लाकडाचं नाव सांगितलं, कुठं वापरतात ते सांगितलं. मी फार बोलत होतो, ते मला आता कळतं.

तिनं पहिला तुकडा उचलला. “हा.”

“अगं, वास घेऊन बघ ना. बाकीचे पण बघ.”

“हा चांगला आहे.”

“तो साग आहे. नाकाजवळ धर जरा.”

तिनं धरला. माझ्याकडे बघत धरला. “चांगला आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “आणि तरी नाही जमलं तर?”

“जमणार. का नाही जमणार? चाचांचा हात सतारीवर चालतो, डॅशबोर्ड म्हणजे काय! तू बघच. पाच दिवसांत गाडी अशी होईल की…”

तिनं तुकडा खाली ठेवला आणि डोळे मिटले.

गाडी चाचांकडे सोडली आणि पुढचे पाच दिवस मी पहाटे एसटीनं जतहून निघायचो आणि दिवस मावळायच्या आत परत यायचो. रजा संपली होती, मी बिनपगारी टाकली. वायरिंगला हात लावायला चाचा तयार नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे. मी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून वर पेनानं नाव लिहिलं आणि मग डॅशबोर्ड सोडवला. आतला लोखंडी सांगाडा उघडा पडला, रंगीत वायरींचे झुबके लोंबत राहिले. चिरफाड केलेल्या जनावरासारखी गाडी दिसत होती. गल्लीतली माणसं येऊन बघून जात. एकानं विचारलंच, “चाचा, आता गाडीला तारा कधी लावणार?”

चाचा हसले नाहीत. प्लास्टिकचा एकेक भाग समोर ठेवून ते सागाच्या फळीवर त्याचा आकार काढत. जिथं वळण होतं तिथं जाड लाकूड घेऊन आतून-बाहेरून कोरत, सतारीच्या भोपळ्यावरची तबली कोरतात तसं, उजेडाकडे धरून जाडी बघत बघत. दारांना फळ्या बसल्या. गिअरभोवती एक चौकट आली. सीटचं रेक्झिन मी उसवून काढलं आणि शांताक्कानं धुतलेल्या मांजरपाटाच्या खोळी शिवून दिल्या. पायाखालचे रबराचे मॅट टाकून चटई कापून घातली.

“ब्रेक लागला आणि डोकं आपटलं तर हे प्लास्टिकपेक्षा कडक आहे बरं का,” चाचा तिसऱ्या दिवशी म्हणाले.

“मी हळू चालवीन.”

“हळूच चालवा.” मग रंधा थांबवून त्यांनी विचारलं, “बाई काय म्हणतात?”

“काही म्हणत नाही.”

“काहीच नाही?”

“बोलायचं त्राण कुठाय तिला.”

चाचांनी फुंकर मारून भुसा उडवला आणि परत कामाला लागले.

पाचव्या दिवशी गाडी तयार झाली. स्टिअरिंग, वेग दाखवणारा काटा आणि काही बटणं सोडली तर आत प्लास्टिक दिसत नव्हतं. दार उघडलं की नव्या सागाचा आणि मेणाचा मंद वास येत होता. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, फळीवर गाल टेकवला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही निघालो. फेब्रुवारीचं ऊन अजून कोवळं होतं. नंदा गाडीपाशी आली. मी दार उघडून बाजूला उभा राहिलो. तिनं दारावरच्या फळीला हात लावला. वरून खाली फिरवला.

“किती मऊ केलंय,” ती म्हणाली. आणि आत बसली.

मी तिचा पट्टा लावला, सीट थोडी मागं घेतली, धूळ नको म्हणून काच वर केली. शांताक्का पायरीवर पदर तोंडाला लावून उभी होती. गाडी फाटकातून बाहेर पडली. डफळापूर गेलं. काही झालं नाही. मी बोलतच होतो. सहा डोस झाले की आपण श्रीशैलला जाऊ, माझ्या नावाच्या देवस्थानाला. मग रजा घेऊन आठ दिवस बदामीला राहू. तुझे केस परत दाट येतील, डॉक्टर म्हणतात आधीपेक्षा दाट येतात. तिनं हूं म्हटलं, परत हूं म्हटलं. कवठेमहांकाळ गेलं. मला वाटलं जिंकलो.

गावाच्या पुढं दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. तिथं तिनं एकदम काचेवर थाप मारली. मी गाडी कडेला घेईपर्यंत तिला उलटी थांबवता आली नाही. सागाच्या कोऱ्या फळीवर, मांजरपाटावर, चटईवर. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी थांबत नव्हतं. मी तिचा पट्टा काढला, दार उघडलं, तिला धरून एका चिंचेखाली आणून बसवलं. पाणी दिलं. आणि मग माझं अवसान गळालं.

“आता काय करू?” मी ओरडलो. तिच्यावर नाही, पण तिच्यासमोरच. “सीट काढून टाकू? छप्पर कापू? अजून कशाचा वास येतोय तुला? सांग ना, नंदा! कशाचा येतोय?”

बागेत द्राक्षं तोडणाऱ्या दोन बाया उभ्या राहून बघायला लागल्या.

“कशाचाच नाही,” नंदा म्हणाली.

“म्हणजे?”

“प्लास्टिकचाही नव्हता. तोंडातून निघून गेलं. तुम्ही लगेच ते धरलंत. मला वाटलं, वास घालवता घालवता दमाल आणि सोडून द्याल मला. तुम्ही तर नवी गाडीच फोडलीत.”

ती हे बोलताना हसली, खरंच हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला.

“मी आठ वर्षांची असताना अप्पा गेले. आपल्यात बसवून पुरतात. बायका-पोरांना मागं ठेवतात, पण मी काकाच्या पायांमधून पुढं गेले. अप्पांना मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूती. एक डोळा नीट मिटला नव्हता. माती खांद्यापर्यंत आली तेव्हा मला वाटलं, आता हात वर करून थांबा म्हणतील. म्हणाले नाहीत. मग डोक्यावर टाकली.”

मी तिच्याजवळ खाली बसलो.

“तुम्ही मला सीटवर बसवता. इथून इथं पट्टा लावता. मागं सरकवता. दार लावता, काच वर करता. आणि मग बोलत राहता. दोन तास. मला हलता येत नाही. दर वेळी वाटतं, झालं, बसवलं मला. आणि हे अजून आत बघून बोलतायत, यांना कळलंच नाही.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“कधी सांगू? मरण म्हटलं की तुम्ही रेडिओ लावता.”

खरं होतं ते. मी दुसरीकडे बघितलं. माझ्या अंगठ्यावर अजून पट्टी होती, पहिल्या दिवशी कापलेल्या जागी. इतकी वर्षं जनावरांत काढली होती मी. जनावर अडकवायच्या ज्या खोड्यात एकदा सुई टोचली त्यात गाय दुसऱ्यांदा पाय टाकत नाही, हे येईल त्या शेतकऱ्याला सांगत होतो.

“तुम्हाला भीती वाटते का?” तिनं विचारलं.

“हो.”

“किती?”

“दिवसभर. घास गिळवत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

मी तिथं, रस्त्याच्या कडेला, चिंचेच्या वाळक्या शेंगांवर बसून रडलो. मोठ्यानं. माझी आई गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. नंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की गप्प बसा म्हणाली नाही. ती फक्त बघत राहिली आणि तिचा श्वास हळूहळू सरळ झाला. त्या दोन बायांपैकी एकीनं येऊन द्राक्षांचा एक घड आमच्यापुढं ठेवला आणि काही न विचारता परत गेली.

“परत फिरू?” मी विचारलं. मनापासून विचारलं. ती हो म्हणाली असती तर मी गाडी वळवली असती.

तिनं रस्त्याकडे बघितलं. “किती राहिलंय?”

“पस्तीस किलोमीटर.”

“दार उघडं ठेवून चालवता येईल?”

“नाही येणार. काचा सगळ्या खाली करतो.”

“पट्टा नको.”

“नको.”

“आणि मी मागं बसते. आडवी, पाय लांब करून. बसल्यासारखं नको.”

“बरं.”

“आणि बोलू नका. मी बोलते.”

चारी काचा खाली करून मी चाळीसच्या वेगानं गाडी चालवली. धूळ आत आली, ट्रकांचा धूर आला. ती मागं दाराला पाठ लावून, पाय सीटवर पसरून बोलत होती. अप्पांबद्दल, त्यांच्या उमदीच्या घराबद्दल, आपल्याला मूल झालं असतं तर त्याला काय हाक मारली असती त्याबद्दल, आणि मेल्यावर थंडी वाजत असेल का त्याबद्दल. मी फक्त ऐकलं. मिरजेच्या अलीकडे तिला परत एकदा उलटी झाली. तिनं तोंड पुसलं आणि पुढचं वाक्य बोलली. दवाखान्याच्या दाराशी ती स्वतः उतरली आणि माझा हात न धरता आत गेली. चौथा डोस झाला.

पाचवा आणि सहावाही तसाच झाला. सोपा एकही नव्हता. मकबूलचाचांनी एकदा फोन करून विचारलं, “सोसतोय का हो सागाचा वास?” मी सोसतोय म्हणालो. त्यांना आणखी काय सांगणार होतो.

नंदा त्यानंतर सात वर्षं जगली. केस दाट आले नाहीत, पण आले. आम्ही बदामीला गेलो, आठ दिवस नाही, तीन दिवस. मग सातव्या वर्षी तिची कंबर दुखायला लागली, आणि तपासणीत ते हाडात उतरलेलं निघालं. डॉक्टरांनी पुन्हा डोस सांगितले. बाहेरच्या बाकावर बसून ती म्हणाली, “आता नको.” मी तिला कारण विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आम्ही कँटीनमध्ये इडली खाल्ली आणि घरी आलो.

त्या उन्हाळ्यात एकदा दुपारी ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, “एक कराल? मला बसवायच्या आधी तुम्ही एकदा आत उतरा. बसून बघा. आणि मला सांगा कसं आहे ते.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

मी हो म्हणालो.

श्रावण लागायच्या आधी ती गेली, सकाळी, झोपेत. आमच्या शेतात, बांधावरच्या निंबापाशी खड्डा काढला होता. तिला विमानात, फुलांनी सजवलेल्या पालखीत, बसवून वाजतगाजत आणलं. सगळं गाव होतं. विधी करणारे स्वामी पुढं झाले तेव्हा मी त्यांना थांबा म्हणालो, चपला काढल्या आणि शिडीवरून खाली उतरलो.

“श्रीशैल!” शांताक्का ओरडली. कुणीतरी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय, वर घ्या त्याला. स्वामींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

खड्ड्याच्या भिंतीत तिला बसवण्यासाठी कोरलेल्या जागेत मी मांडी घातली आणि पाठ टेकली. दोन्ही बाजूंना माती होती, ओलसर. घाई केली नाही. डोळे मिटून बघितले, उघडून बघितले. मग वर आलो. अंगाला माती तशीच होती. नंदाला फुलांच्या माळांनी झाकलं होतं. मी तिच्या कानापाशी वाकलो.

“गार आहे, नंदा,” मी म्हणालो. “पाठ टेकायला नीट जागा आहे. मान वर केली की निंबाची फांदी दिसते. मला भीती वाटली, पण थोडी.”

मग बाजूला सरकलो आणि त्यांना म्हणालो, आता घ्या.